कमरेला पिस्तूल, खिशात क्रेडिट कार्ड

अमेरिकेत पाठीवर सॅक टाकून आठ-दहा दिवस रानात राहणाऱ्यांचा एक पंथ आहे आणि वजन हा त्या पंथाचा वैरी आहे. अन्न, पाणी, इंधन सोडून उरलेलं सगळं सामान साडेचार किलोंत बसलं पाहिजे, हा दंडक. त्यासाठी ही मंडळी टूथब्रशचा दांडा अर्धा कापतात, नकाशाच्या कोऱ्या कडा कातरतात, शर्टाच्या मानेवरचं लेबल उसवतात. आणि एवढं तप करून झाल्यावर त्यांच्यातलेच काही जण कमरेला भरलेलं पिस्तूल लावतात. दहा मिलिमीटरचं ग्लॉक, पंधरा गोळ्यांसकट, एक किलोच्या वर.

का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. अस्वल.

हे पिस्तूल राष्ट्रीय उद्यानात न्यायची मोकळीक कशी मिळाली, ती कथा अस्वलापेक्षा मनोरंजक आहे. १९८३ पासूनचा नियम असा होता की बंदूक उद्यानातून न्यायचीच असेल तर गोळ्या काढून, बांधून, हात पोचणार नाही अशी ठेवा. मग २००९ साली अमेरिकी संसदेपुढे एक विधेयक आलं. बँकांनी क्रेडिट कार्डवाल्यांना मनमानी व्याज लावून नाडू नये, म्हणून. ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी त्यात एक दुरुस्ती जोडली : त्या त्या राज्याचा कायदा परवानगी देत असेल तर राष्ट्रीय उद्यानात भरलेली बंदूक बाळगता येईल. सिनेटनं ती ६७ विरुद्ध २९ मतांनी मान्य केली. कार्डांचा कायदा हवा होता, त्यामुळे बंदूकही गिळावी लागली. २२ मे २००९ रोजी ओबामांनी सही केली आणि २२ फेब्रुवारी २०१० पासून नियम लागू झाला. ग्राहकाचं बँकेपासून रक्षण आणि पर्यटकाचं अस्वलापासून, एकाच सहीत. या दोघांतलं अधिक हिंस्र कोण, यावर सभागृहात चर्चा झाली असती तर ऐकायला मजा आली असती.

गंमत पुढेच आहे. बहुतेक उद्यानांत बंदूक बाळगायला मुभा आहे, उडवायला नाही. कमरेला लावा, मिरवा, रात्री उशाला घ्या. चाप मात्र ओढू नका. शिवाय उद्यानातलं माहिती केंद्र ही सरकारी इमारत, तिथे शस्त्राला बंदी. म्हणजे अस्वलापासून कसं वाचावं याची माहिती घ्यायला आत जायचं, तर पिस्तूल बाहेर गाडीत ठेवून जायचं.

नियम लागू होऊन तीन महिने झाले आणि मे २०१० मध्ये अलास्काच्या डेनाली उद्यानात पहिलं पिस्तूल उडालं. दोघं जण झुडपांतून चालले होते, ग्रिझली जातीचं तपकिरी अस्वल बाहेर आलं, सोबतिणीच्या अंगावर निघालं, तेव्हा तिच्या सोबत्यानं पंचेचाळीस कॅलिबरच्या पिस्तुलातून सुमारे नऊ गोळ्या झाडल्या. अस्वल वळून झाडीत शिरलं. गोळ्या खाल्लेलं अस्वल झाडीत कुठेतरी आहे एवढंच ठाऊक असताना त्या दोघांनी रेंजर गाठेपर्यंतची वाट कशी काटली असेल, याची कल्पना करून पाहा. पुढे ते जवळच मेलेलं सापडलं. दोघं वाचले, हे खरंच. अशा वेळी पिस्तूल नको होतं असं म्हणणारा मी कोण?

तर उपयोग होतो की नाही? होतो. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वलांच्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह अलास्कातल्या १८८३ ते २००९ या काळातल्या २६९ घटना तपासल्या आणि २०१२ साली निष्कर्ष छापला. पिस्तुलानं ८४ टक्के वेळा काम केलं, लांब नळीच्या बंदुकीनं ७६ टक्के. एवढंच वाचून पुष्कळांनी कागद मिटला. पुढे लिहिलंय की हातात बंदूक असून ज्यांनी ती वापरली आणि ज्यांनी वापरलीच नाही, त्यांच्या जखमांत नि मृत्यूंत फरक सापडला नाही.

आणि बंदूक फसली तिथे का फसली, त्याची यादी तर कुठल्याही विनोदी लेखकानं हेवा करावा अशी आहे. सगळ्यात जास्त वेळा वेळच मिळाला नाही. काहींनी वापरलीच नाही. कुणाची ऐन वेळी अडकली. कुणाचं अस्वल इतकं जवळ होतं की नळी वळवायला जागा नव्हती. कुणाचा नेम चुकला. कुणाच्या गोळ्या संपल्या. कुणाला सेफ्टी काढता आली नाही. काही जण तर नेम धरता धरता पाय अडकून पडले. सिनेमात अस्वल दोन पायांवर उभं राहून डरकाळी फोडतं, नायकाला जबडा आवळायला वेळ देतं. खरं ग्रिझली ताशी पंचावन्न किलोमीटरनं येतं. पंचेचाळीस मीटरवरून सुटलं की तीन सेकंदांत अंगावर. तेवढ्यात होल्स्टरचं बटण काढा, पिस्तूल उपसा, सेफ्टी सरकवा, आणि उड्या मारत येणाऱ्या डोक्याचा नेम धरा. ज्यांना सोसायटीच्या गेटवर गाडी लावताना किल्ली सापडत नाही, त्यांनी हे करायचं.

याच अभ्यासकांचा २००८ सालचा दुसरा अभ्यास मिरचीच्या फवाऱ्यावर होता. त्यात फवाऱ्यानं तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा रोखलं आणि जवळून गाठ पडलेल्या फवारेवाल्यांपैकी ९८ टक्के लोकांना ओरखडाही आला नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. फवाऱ्याच्या घटनांतली बरीच अस्वलं चालून आलेली नव्हती, नुसतीच चौकस होती, कुणी शिदोरीच्या वासानं आलेली. पण फवाऱ्याला नेम धरावा लागत नाही, हे पिस्तुलवालाही नाकारत नाही. आठ-नऊ मीटरवर मिरचीचा ढग उभा करायचा, अस्वल आपणहून त्यात शिरतं.

या डब्यात असतं ते आपल्या लवंगी मिरचीतलंच द्रव्य. ज्या गोष्टीवर कोल्हापूरकर दोन भाकऱ्या जास्त खातो, तिनं चारशे किलोचं जनावर माघारी फिरतं. पण माणसाच्या हाती काही दिलं की तो त्याचं काय करील, सांगता येत नाही. काही पर्यटक हा फवारा ओडोमॉससारखा वापरतात. तंबूवर मारतात, सॅकवर मारतात, काही तर पोराबाळांच्या अंगावर मारायला निघतात. स्मिथ यांनी १९९८ सालीच लिहून ठेवलं होतं की वाळलेल्या फवाऱ्याच्या वासानं तपकिरी अस्वलं उलट ओढली जातात, त्या जागेवर येऊन लोळतात. म्हणजे हवेतली मिरची अस्वलाला पळवते आणि तंबूवरची आवतण देते.

आता हा फवारा घेऊन विमानात बसून दाखवा. अमेरिकेत तो हातातल्या पिशवीत चालत नाही, खाली टाकायच्या बॅगेतही चालत नाही. पिस्तूल चालतं. गोळ्या काढा, कुलपाच्या टणक पेटीत ठेवा, काउंटरवर सांगा, बॅगेत टाका, शुभ यात्रा. मोंटानाला चाललेल्या माणसाला घरून बंदूक नेता येते, मिरची तिथे उतरून विकत घ्यावी लागते आणि परतताना तिथेच टाकून यावी लागते.

योसेमिटी उद्यान त्याच्याही पुढचं. तिथे अस्वलाच्या फवाऱ्याला बंदी आहे, आणि पिस्तूल कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बसत असेल तर चालतं. योसेमिटीत अस्वलं आहेत ती काळी. त्यांनी तिथे आजवर एकाही माणसाचा जीव घेतलेला नाही. त्यांचा गुन्हा म्हणजे गाड्यांची दारं वाकवून आतली बिस्किटं खाणं. कॅलिफोर्नियातलं ग्रिझली गेल्या शतकाच्या विशीतच संपलं. ते आता फक्त राज्याच्या झेंड्यावर आहे. तिथून ते कुणावर धावून आल्याची नोंद नाही.

बिस्किटांवरून आठवलं. योसेमिटीच्या आतल्या रानात मुक्काम करायचा तर अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या टणक डब्यात ठेवणं सक्तीचं आहे. हा डबा किलोभराचा. रात्री तंबूपासून लांब ठेवला की अस्वलाला तुमच्यात काही रस उरत नाही. पण डबा नेताना लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, जड आहे, गोल आहे, सॅकमध्ये बसत नाही. तेवढ्याच वजनाचं पिस्तूल नेताना कमरेत एकदम ताठा येतो. डबा घेऊन फोटो काढलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

अलास्कात शेकोटीभोवती कुठलं कॅलिबर बरं यावर रात्र जाते. चव्वेचाळीस मॅग्नम की दहा मिलिमीटर, सहा जड गोळ्या की पंधरा हलक्या. तिथलाच एक जुना विनोद आहे. नवखा माणूस आपलं रिव्हॉल्व्हर दाखवून जाणत्याला विचारतो, हे अस्वलाला पुरेल का? जाणता म्हणतो, पुरेल, फक्त नळीवरची नेम धरायची खुंटी घासून टाक. का? अस्वल जेव्हा ते तुझ्याकडून काढून घेईल आणि नको तिथे घालील, तेव्हा कमी दुखेल.

आता मरणाचा हिशेब. यलोस्टोन उद्यान १८७२ सालचं. तेव्हापासून तिथे अस्वलांनी मारलेली माणसं आठ, असं उद्यानाची नोंद सांगते. बुडून मेलेल्यांचा आकडा सव्वाशेच्या घरात. उकळत्या झऱ्यांत पडून भाजून मेलेले वीसहून जास्त. म्हणजे अस्वलापेक्षा गरम पाण्यानं जवळजवळ तिप्पट माणसं नेली, आणि थंड पाण्यानं पंधरापट. पण नदीला घाबरून कुणी कमरेला काही बांधत नाही. नदीला दात दिसत नाहीत.

एवढं सगळं समोर ठेवलं की पिस्तुलवाला थोडा वेळ गप्प बसतो. मग आवाज उतरवून खरं बोलतो. अस्वलाचं सोडा हो. माणसं.

ॲपलाचियन ट्रेल ही पूर्वेकडची साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट चौदा राज्यांतून जाते. तिच्यावर खून झालेले आहेत, हे खोटं नाही. एकट्यानं चालणाऱ्या बाईला दोन दिवस एकच माणूस मागे मागे येताना दिसला तर तिनं काय करावं, याचं उत्तर पुण्यात पंख्याखाली बसून देण्याइतका मी निर्लज्ज नाही. तिनं काय न्यायचं ते तिनं ठरवावं. मला बोलायचंय ते सहा फुटी दाढीवाल्याबद्दल. ही वाट सांभाळणारी संस्था बंदुका नेऊ नका म्हणून सांगते, आणि वाटेवरच्या काही राज्यांचे कायदे दुसऱ्यांना ओळख देत नाहीत. पेनसिल्व्हेनियात कमरेला लावलेलं पिस्तूल घेऊन निघालेला हा गृहस्थ डेलावेअर नदीचा पूल ओलांडतो आणि पलीकडच्या टोकाला न्यू जर्सीत गुन्हेगार म्हणून पाऊल ठेवतो. न्यू जर्सी दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही. अस्वल मात्र दोन्ही बाजूंना तेच.

या वाटेवर तीन भिंतींचे लाकडी निवारे आहेत. चौथी बाजू उघडी. रात्री जो येईल तो आडवा होतो, अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून झोपतात, आणि वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चालू आहे. समजा पाऊस पडतोय, रात्रीचे नऊ वाजलेत, एक भिजलेला माणूस अंधारातून निवाऱ्याकडे येतोय. आत एक जण स्लीपिंग बॅगेत भरलेलं पिस्तूल हाताशी घेऊन पडलाय. पिस्तुलवाला म्हणतो की आपण अनोळखी माणसाला घाबरून हे आणलं. त्या निवाऱ्यातला सगळ्यात घाबरण्याजोगा अनोळखी माणूस कोण, हा प्रश्न त्याला सुचत नाही. शहरातल्या ज्या बातम्यांना कंटाळून तो रानात आला, त्या त्यानं चौदा राज्यं कमरेला लावून हिंडवल्या.

बंदूक नेणं खरोखर शहाणपणाचं आहे अशी जागा जगात आहे. नॉर्वेच्या ताब्यातली स्वालबार्ड बेटं. तिथे वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर ध्रुवीय अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असलंच पाहिजे, असा कायदा आहे. प्रशासन म्हणतं, शिवाय बंदूकही असू द्या. २०२० च्या ऑगस्टात लाँगइयरब्येन गावाजवळच्या तंबूतळावर अस्वलानं एक माणूस मारला, तेव्हा भीती कल्पनेतली नाही. पण तिथे बंदूक म्हणजे आपल्या कोकणातल्या पडवीतला कोयता. लागतो म्हणून असतो, कुणी त्याचं कौतुक करत नाही. गावात भरलेली बंदूक घेऊन फिरायला मनाई. दुकानांच्या दारांवर शस्त्र आत आणू नका अशा पाट्या. पर्यटकाला बंदूक भाड्यानं हवी तर आधी प्रशासनाची परवानगी. अगोदर लांबून हुसकायचं, आवाजाचे नि उजेडाचे बार उडवायचे, गोळी अगदी शेवटी. अस्वल मारलंच तर दर खेपेला चौकशी बसते आणि हलगर्जीपणा दिसला तर दंड. १९७३ पासून तिथे ध्रुवीय अस्वल संरक्षित आहे. १ जानेवारी २०२५ पासून तर माणसानं अस्वलापासून तीनशे मीटर लांब राहावं, मार्च ते जून पाचशे, असा नियम आला. अस्वलाला अजून नोटीस बजावलेली नाही.

आपल्याकडे प्रश्न सुटसुटीत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. अभयारण्यात शस्त्र न्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी हवी, आणि कायद्यातल्या शस्त्रांच्या यादीत बंदुकीबरोबर सुरीही आहे. तेव्हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात पिठल्यासाठी कांदा चिरणाऱ्या तमाम ट्रेकरांनी आपापलं पाहून घ्यावं. जिवावर बेतलं असताना सद्हेतूनं जनावर मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कायद्यात आहे, फक्त कशानं ते तुमचं तुम्ही शोधायचं. सह्याद्रीत माणसं मरतात ती कड्यावरून घसरून, धबधब्याखालच्या डोहात, उन्हानं, नाहीतर आग्यामोहोळ उठून. यातल्या एकावरही गोळी चालत नाही. आणि ज्यांना हौसेखातर नव्हे तर नोकरीखातर रानात शिरावं लागतं, ते काठी घेऊन शिरतात. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी खुणा शोधणाऱ्या महिला वनरक्षकाला वाघिणीनं मारलं. तिच्याकडे बंदूक नव्हती. त्या आठवड्यात बंदुकीच्या परवान्यावर शहरात कुणी तावातावानं बोलल्याचं मला आठवत नाही.

माझा भाचा डेन्व्हरला असतो. एच-वन-बी व्हिसावर. पुढच्या उन्हाळ्यात अलास्काला जायचं ठरवलंय आणि ऑफिसातल्या कुणीतरी डोक्यात पिस्तूल घातलंय. परवा फोनवर म्हणाला, "मामा, आम्हाला व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही. पण एक वाट आहे. शिकारीचं लायसन काढलं की येते." चौकशी केली, तर खरंच आहे. अमेरिकी केंद्रीय कायद्यात तशी सूट आहे. हा भाचा दिवाळीत घरी आला की मटणाच्या दुकानाबाहेर उभा राहून फोनवर बोलण्याचं नाटक करतो, आणि आता कागदोपत्री शिकारी व्हायला निघालाय.

मी त्याला अडवलं नाही. फक्त अलास्का राज्याचा एक नियम वाचून दाखवला. स्वतःच्या बचावासाठी अस्वल मारलं तरी ते तुमचं होत नाही, सरकारचं होतं. मारणाऱ्यानं ते जागेवर सोलायचं, नखं कातड्याला राहतील अशा बेतानं. मग कातडं आणि कवटी रानातून बाहेर आणून मत्स्य नि शिकार खात्याकडे जमा करायची आणि पंधरा दिवसांत छापील प्रश्नावली भरून द्यायची.

"सोलायचं? कुणी? मी?"

"नाहीतर कोण, मी येऊ?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "यूट्यूबवर असेल ना पण, कसं सोलायचं ते?"

"असेल की. पण तिथे रेंज नसते म्हणतात."